न कळणारं पाऊल

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस दुखण्याबद्दल मोकळं बोलतो. गुडघे गेले, कंबर धरली, हात थरथरतो, हे तो एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगेल. तळपायाला काही लागलं तरी कळत नाही, हे मात्र तो उंबऱ्याबाहेर बोलत नाही. या दोन जिल्ह्यांत बधिर कातडीचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे: कुष्ठरोग, जुन्या लोकांच्या तोंडी महारोग. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर बधिर चट्ट्याची माहिती रंगवलेली असते. शोधमोहिमेच्या दिवसांत आशाताई घरोघर जाऊन अंगावरचे डाग विचारतात. आनंदवन याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला आहे. इतकं सगळं समोर असताना 'पाय सुन्न पडतो' हे तीन शब्द साधे राहत नाहीत.

त्यामुळे कंपवाताने, म्हणजे पार्किन्सन्सने, आजारी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ते निघाले की घरात दोहोंपैकी एक गोष्ट होते. नातीचं लग्न ठरायचं असतं, म्हणून बोलणं तिथेच दाबलं जातं. नाहीतर 'कंपवात आहे, त्यातलंच काहीतरी असेल' म्हणून विषय संपतो. ही पुस्तिका या दोन्ही सवयी मोडायला निघाली आहे. तिचं म्हणणं असं, की कंपवाताच्या माणसाचा पाय बधिर झाला तर त्या बधिरपणाचं कारण वेगळं शोधावं. ते पुष्कळदा सापडतं आणि काही वेळा त्यावर उपायही असतो. उपाय नसला तरी बधिर पाय सांभाळायची विद्या याच मातीत सत्तर वर्षांहून अधिक काळ जपली गेली आहे. ती कुष्ठरोगाने शिकवली. कंपवाताच्या घरांनी ती मागून घ्यायला लाजू नये.

कंपवातावर मराठीत लिहिणारे-बोलणारे लोक आहेत. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ कित्येक वर्षं रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं, ११ एप्रिलचा जागतिक पार्किन्सन्स दिवस मराठीतून साजरा करतं. पण शहरातल्या सल्ल्यात फरशी सपाट असते, संडास घरात असतो आणि न्यूरॉलॉजिस्ट रिक्षाच्या अंतरावर असतो. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिकडचा पेशंट पुष्कळदा नदी ओलांडून तेलंगणातच दाखवून येतो आणि मग औषधाची चिठ्ठी वाचायलाही गावात कुणी नसतं. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांची गोष्ट तर पावसाळ्यात वेगळीच होते. म्हणून या पानांत मोठ्या तपासण्यांपेक्षा घरी काय बघायचं, आशाताईला काय विचारायचं आणि कोणत्या वेळी गाडी काढायचीच, यावर भर आहे. तो योग्य आहे असं मला वाटतं.

या आजाराची पहिली नीट नोंद १८१७ सालची. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने थरथरत्या लकव्यावर एक छोटा निबंध लिहिला, तोही अवघ्या सहा माणसांवरून. त्यांतले काही तर त्याने रस्त्यात चालताना पाहिलेले. त्याच्या नजरेचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण व्याख्येतच त्याने लिहून टाकलं की यात संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. हे वाक्य डॉक्टरांच्या मनात फार खोल रुतलं. कंपवात म्हणजे हालचालीचा आजार: थरथर, ताठरपणा, मंदपणा. बाकीचं पेशंट सांगत राहिला तरी ते वयावर ढकललं गेलं. १९७६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शंभरेक रुग्णांना नीट विचारलं, तेव्हा चाळीसहून अधिक जणांनी मुंग्या, बधिरपणा, जळजळ, दुखणं असं काही ना काही सांगितलं. म्हणजे तक्रार होतीच. विचारणाराच उशिरा आला.

पण 'बधिर' या एका तक्रारीखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि या पुस्तिकेतला सगळ्यात कामाचा भाग त्या वेगळ्या करण्याचा आहे. पहिली गोळीच्या वेळेशी बांधलेली. लेवोडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाचा, असर उतरायला लागला की पाय जड होतो, झिणझिण्या येतात, पिंडरी आवळते. पुढची गोळी घेतली की तास-अर्ध्या तासात मोकळं वाटतं. हे बहुधा ज्या बाजूने आजार सुरू झाला त्याच बाजूला जास्त असतं. इथे नसा खराब झालेल्या नसतात, मेंदूतलं डोपामिन कमी पडलेलं असतं. उपाय गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलण्यात आहे. त्यासाठी डॉक्टरला एकच गोष्ट हवी असते: किती वाजता गोळी, किती वाजता जेवण, किती वाजता पाय बधिर. नातवाच्या वहीत चार दिवस ओळीने लिहून काढलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट समजावणं अवघड. कातडीला स्पर्श कळतो, टोचलेलं कळतं, पण पाय नेमका कुठे आहे, किती उचलला गेला, हे मेंदूला बरोबर मोजता येत नाही. माणसाला वाटतं आपण नेहमीसारखं पाऊल टाकलं. प्रत्यक्षात ते वीतभर पडलेलं असतं. काही जण यालाच 'पायात जीव नाही' म्हणतात. दारातून आत जाताना पाय जमिनीला चिकटतो, तेही पुष्कळ जण बधिरपणातच मोजतात, आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न केला नाही तर सगळं एकाच पोत्यात जातं.

तिसरी गोष्ट खऱ्याखुऱ्या नसांची. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरुवात, हळूहळू वर, मोजा घातल्यासारखी. गोळी घेऊन फरक पडत नाही. रात्री तळवे जळजळतात, पण सकाळी काटा रुतला तर पत्ता नाही. चप्पल पायातून निघून गेलेली कळत नाही. कंपवातात मेंदूत जो अल्फा-सिन्यूक्लिन नावाचा प्रथिनाचा गाळ साठतो, तो कातडीतल्या बारीक नसांतही सापडलेला आहे. तेव्हा काही अंशी हा आजाराचाच भाग असावा. पण कॅनडात कॅल्गरीच्या डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दुसरीकडे बोट दाखवलं. त्यांनी तपासलेल्या कंपवाताच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या पायाच्या नसा बिघडलेल्या होत्या. त्याच वयाच्या इतर लोकांत हे प्रमाण दहात एकाहूनही कमी होतं. आणि ज्यांनी आयुष्यात लेवोडोपा जास्त घेतली होती, त्यांच्या नसांची अवस्था जास्त वाईट होती. इतर अभ्यासांत आकडे इतके मोठे आलेले नाहीत, पण रोख तोच राहिला आहे.

याचं कारण रसायनाचं आहे आणि ते घरच्या माणसाला कळायला हवं. पोटात गेलेली सगळी लेवोडोपा मेंदूत पोचत नाही. वाटेत शरीर तिच्यावर मिथाइल नावाचा एक छोटा रासायनिक तुकडा चढवून तिला निकामी करतं. हा तुकडा ज्या पदार्थातून काढला जातो, त्याचं शेवटी होमोसिस्टीन उरतं. होमोसिस्टीन साठणं बरं नाही. ते परत कामाचं करायला शरीराला बी-१२ आणि फोलिक ॲसिड ही दोन जीवनसत्त्वं लागतात. दिवसाला चार-पाच वेळा लेवोडोपा, तीही आठ-दहा वर्षं, म्हणजे बी-१२चा खर्च रोज चालू. जमा कमी असेल तर नसांवरचं आवरण त्याची किंमत मोजतं.

आणि जमा कमी असायला आपल्याकडे कारणं भरपूर. माळकरी घरात मांस-मासळीचा प्रश्नच नाही. जंगलातल्या गावांत मासळी, कोंबडी, अंडी खाल्ली जातात, पण म्हाताऱ्याच्या ताटात त्यातलं किती येतं हे ज्याचं त्याने बघावं. कंपवातात गिळायला त्रास होतो, म्हणून जेवण उतरत उतरत मऊ वरणभातावर येतं, आणि वरणभातात बी-१२ नसतं. वयाप्रमाणे जठरातलं आम्ल कमी होतं, तसं ते शोषलंही कमी जातं. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी. पित्ताची गोळी तर विदर्भात चहाआधी घ्यायची वस्तू झाली आहे. तीही बी-१२ला मारकच. एकाच माणसाच्या पिशवीत लेवोडोपा, मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल या तिन्ही गोळ्या सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. एका डॉक्टरची गोळी दुसऱ्या डॉक्टरला माहीत नसते.

हे वाचून कुणी लेवोडोपा बंद करू नये, हे इथेच स्पष्ट लिहितो. कंपवातावर तिच्याइतकं परिणामकारक औषध आजही नाही. ती एकदम तोडली तर ताप चढून, अंग लाकडासारखं ताठ होऊन जिवावर बेततं. बी-१२ भरून काढायचं असतं, गोळी टाकायची नसते.

असाच एक इशारा खाजकुहिलीबद्दलही द्यायला हवा. पावसाळ्यानंतर या जंगलांत वेलावर लोंबणाऱ्या तिच्या केसाळ शेंगा सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि त्यांची खाज ज्याला एकदा लागली तो जन्मभर विसरत नाही. तिच्या बियांत लेवोडोपाच असते. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी ती वेगळी काढून दाखवली होती. पश्चिमेत लेवोडोपा कंपवातावर जोमाने वापरली जायला १९६७ साल उजाडलं, म्हणजे मधे तीस वर्षं गेली. आपल्या आयुर्वेदात तर ती कपिकच्छू या नावाने त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण कौचबीजाच्या, म्हणजे तिच्याच बियांच्या, चूर्णात नेमकी किती लेवोडोपा आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. एक बी दुसऱ्यासारखं नसतं. दवाखान्याची गोळी चालू ठेवून वरून चमचाभर चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट झाली की दीडपट, कोण सांगणार? आणि बियातली लेवोडोपाही शरीरात त्याच रस्त्याने जाते, तेवढंच बी-१२ खाते. 'जंगलातलं आहे, त्याने काही होत नाही' हे म्हणणं इथे चालत नाही. वैद्याला आणि डॉक्टरला एकमेकांचं औषध सांगावं.

आता कुष्ठरोगाकडे. मुखपृष्ठावर कंपवात लिहिलेल्या पुस्तिकेत कुष्ठरोगाला एवढी जागा का, असं काही वाचक विचारतील. माझं उत्तर असं की या दोन जिल्ह्यांत बधिर पायाची तपासणी कुष्ठरोग वगळल्याशिवाय पुरी होत नाही, आणि कंपवात असणं म्हणजे कुष्ठरोगापासून संरक्षण नव्हे. देशपातळीवर डिसेंबर २००५मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असं उद्दिष्ट गाठलं गेलं. देशाच्या सरासरीत पूर्व विदर्भ मात्र झाकला गेला. इथे नवे रुग्ण निघत राहिले आहेत.

सुदैवाने दोन्ही बधिरपणांचा चेहरा वेगळा असतो. कंपवाताच्या माणसाच्या नसा बिघडल्या तर बहुधा दोन्ही पाय सारखे, बोटांकडून वर. कुष्ठरोगात बधिरपणा तुकड्यातुकड्यांत असतो. कुठे फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर केस नाहीत, घाम नाही. गरम-थंड आधी कळेनासं होतं. नस हाताला जाड, दोरीसारखी लागते. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली, घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट फिरवून दोन्ही बाजूंची तुलना करायची. जाड झालेली नस तपासायला यंत्र लागत नाही, सराव लागतो, आणि तो सराव गडचिरोलीच्या अनुभवी कुष्ठरोग तंत्रज्ञाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरपेक्षा जास्त असण्याचा संभव आहे. याबाबतीत आपला जिल्हा मागास नाही.

आणि कुष्ठरोग निघालाच तर? बहुविध औषधोपचार १९८२पासून जगभर आहेत. ते सरकारी केंद्रात फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागतात, आणि सुरू केल्यावर लवकरच माणसाकडून दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. नसेला झालेली इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती पुष्कळदा मागेही फिरते. म्हणजे लग्न पार पडेपर्यंत गोष्ट झाकून ठेवायची म्हणून जे महिने घालवले जातात, तेच नसा वाचवण्याचे महिने असतात.

बाकीच्या कारणांवर पुस्तिकेत सविस्तर आहे, मी घाईने जातो. मधुमेह तर विचारायलाच हवा. मोहाची दारू वर्षानुवर्षं पोटात गेलेली असेल तर तिने नसा जाळलेल्या असू शकतात. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे म्हणून हा प्रश्न आशाताईने वगळायचं कारण नाही. एका बाजूचा हात-पाय अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर कंपवाताचा विचार बाजूला ठेवून गाडी काढायची, तो लकवा आहे. गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' या संस्थेने दोन वर्षं मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सुमारे सातांतला एक मृत्यू लकव्याने झालेला निघाला आणि तेच पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. मांड्यांच्या मधली, बैठकीची जागा बधिर होऊन लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर मणक्याची गोष्ट, तीही त्याच दिवशी. धानाच्या बांधीत उतेऱ्याला पेरलेली लाखोळी आपल्याकडे पुष्कळ खाल्ली जाते. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच जगलं तर पाय ताठ होऊन कात्रीसारखे पडतात, पण त्या आजारात कातडीची जाणीव बहुतेक शाबूत राहते. ताठ पाय आणि बधिर पाय या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एवढं त्यातून लक्षात ठेवावं.

यानंतरचा भाग पायाच्या काळजीचा, आणि इथे मला रेंगाळायचं आहे.

बाबा आमटे आणि साधनाताईंनी महारोगी सेवा समितीचं काम १९४९ साली सुरू केलं, त्या काळात लोकांची समजूत होती की कुष्ठरोगात बोटं सडून झडतात. साधारण त्याच सुमाराला वेल्लोरला पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक नेमकी ही समजूत मोडत होते. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखत नाही म्हणून झडतात, हे त्यांनी दाखवून दिलं. गरम भांडं सोडलं जात नाही, कुलूप उघडताना किल्लीने मांस कापलं जातं, पायाखालचा खिळा तसाच राहतो आणि त्यावरच माणूस मैलभर चालतो. काही रुग्णांची बोटं रात्रीत नाहीशी होत. पाळत ठेवली तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणूस जागा होत नव्हता. मग घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजरं देण्यात आली. ही हकीकत ऐकून शहरातला माणूस शहारतो. धानाची कोठी घरात असलेल्या आपल्याकडच्या माणसाने खाटेखाली एकदा वाकून बघावं.

वेदना ही राखण आहे. ती उठून गेली की राखणीचं काम डोळ्यांना आणि दुसऱ्याच्या हातांना करावं लागतं. कुष्ठरोगाच्या वसाहतींत रोजचा नेम असतो: पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी हळूच घासून काढायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, मग तळवा, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा बघायच्या. कुठे लाली, कुठे फोड, कुठे एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम. जखम झाली तर पहिलं औषध म्हणजे त्या पायावर न चालणं. हे सगळं कंपवाताच्या बधिर पायाला जसंच्या तसं लागू पडतं. फरक एकच, आणि तो मोठा आहे. कुष्ठरोगी माणसाला स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकवतात. कंपवाताच्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, आणि थरथरत्या हातात नखं कापायची पत्ती देण्यापेक्षा न दिलेली बरी. म्हणजे हे काम घरातल्या कुणाचं तरी आहे, आणि कुणाचं ते आधी ठरवावं लागतं. बहुतेक घरांत ते सुनेवर पडतं. मुलांनी वडिलांच्या पायाला हात फक्त सणावारीच लावायचा असतो, असा काही नियम नाही.

चपलेचा प्रश्न मात्र मला वाटत होता त्यापेक्षा अवघड निघाला. बधिर पायासाठी कुष्ठरोग कार्यक्रमात मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल देतात. तिला एमसीआर चप्पल म्हणतात. खाली टणक तळ, वर मऊ थर, मागे पट्टा. काटा आत येत नाही, दाब एका जागी पडत नाही. पण कंपवाताचा माणूस पाय घासत चालतो. जमिनीला घट्ट धरणारा रबरी तळ त्याला पुढे पाडतो. उलट गुळगुळीत तळाची हवाई चप्पल घसरते, आणि अंगठ्याजवळचा तिचा पट्टा बधिर बोटांत धरून ठेवताच येत नाही. म्हणून तळव्याला मऊपणा आतून, बाहेरून फार पकड नसलेला तळ, टाचेमागे पट्टा, बंद करायला चिकटपट्टी, असा मेळ घालावा लागतो. दुकानात हे तयार मिळेल याची खात्री नाही. पायाचा छाप कागदावर काढून चांभाराकडे नेला तर तो करून देऊ शकतो. पुस्तिकेतलं चित्र त्याच्यासाठी आहे, वाचकापेक्षा त्याच्यासाठीच. आणि पायात घालण्याआधी चप्पल उलटी करून झटकायची. खडा असेल, विंचू असेल.

ऋतूंचंही भान हवं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा मे महिना देशातल्या सर्वांत तापलेल्या जागांमध्ये मोजला जातो. अंगणातून न्हाणीपर्यंत अनवाणी गेलेल्या बधिर तळव्याला दुपारी फोड येतो आणि कळतो संध्याकाळी, तोही दुसऱ्या कुणाला. तेंदूपानाच्या हंगामात घरचे सगळे पहाटेच जंगलात गेलेले असतात, म्हाताऱ्याकडे बघायला कुणी नसतं. हिवाळ्यात शेकोटी. चुलीपुढे बसून स्वयंपाक करणाऱ्या म्हातारीचा पाय निखाऱ्याजवळ सरकतो. ती आखडलेली असते, तिला तो लवकर मागे घेता येत नाही. आंघोळीच्या पाण्याची ऊब दुसऱ्याच्या हाताच्या कोपराने बघावी. शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली वीट बधिर पायाला देऊच नये, कितीही थंडी असली तरी.

तोल ही पायाच्या जाणिवेची दुसरी बाजू. माणूस उभा राहतो तो डोळे, कानाच्या आतलं संतुलनाचं इंद्रिय आणि तळपाय या तिघांच्या बळावर. तळपाय गेले की डोळ्यांवर भार येतो, आणि अंधार पडला की तेही गेले. कंपवाताच्या माणसाला रात्री लघवीला अनेकदा उठावं लागतं, उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, वीज गेलेली असते, संडास अंगणापलीकडे. पडण्याची बहुतेक सामग्री एका जागी जमते. यावर पुस्तिकेत जो उपाय सुचवला आहे तो मला फार आवडला. खाटेपासून दारापर्यंत चुन्याचे आडवे पट्टे, एका पावलाच्या अंतराने. चिकटलेला पाय रेषा ओलांडायला सुटतो, हे कंपवातात माहीत असलेलं आहे. बधिर पायालाही त्या रेषा उपयोगी पडतात, कारण पाऊल किती टाकायचं हे डोळ्यांना दिसतं. सारवलेल्या जमिनीवर पट्टे लवकर पुसतात, तेव्हा सारवताना पुन्हा ओढायचे. सोबत खाटेशेजारी भांडं आणि उशाशी टॉर्च. लाज वाटते म्हणून भांडं न ठेवणाऱ्यांची खुब्याची हाडं मोडतात. लुगड्याचा घोळ म्हाताऱ्या बाईच्या पायात येतो, तोही चार बोटं वर खोचावा.

शेवटी एका वादाबद्दल, कारण हस्तलिखित वाचताना माझा एका जागी मतभेद झाला. लेवोडोपा बरीच वर्षं घेणाऱ्या प्रत्येकाची बी-१२ आणि होमोसिस्टीनची तपासणी करावी, मग औषध द्यावं, असा मूळ मसुदा होता. शास्त्र म्हणून तो बरोबर आहे. पण होमोसिस्टीनची तपासणी तालुक्याला होत नाही, आणि झाली तरी तिचा खर्च बी-१२च्या कित्येक महिन्यांच्या गोळ्यांइतका. बी-१२ स्वस्त आहे आणि त्याची जास्त मात्रा सहसा बाधत नाही. म्हणून ज्याला तपासणी परवडत नाही किंवा पोचत नाही, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणीवाचूनही ते सुरू करावं, असं माझं मत आहे. ज्याला शक्य आहे त्याने मात्र पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्त द्यावं, कारण इंजेक्शन घेतल्यावर आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. संपादकांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत.

त्याला जोडून दोन खबरदाऱ्या. औषधाच्या दुकानात 'नसांची गोळी' म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा बी-६ भरपूर असतं, आणि बी-६ महिनोन्‌महिने जास्त झालं तर त्यानेच पायाच्या नसा बधिर होतात. पाकिटावर मात्रा वाचावी, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. दुसरी खबरदारी आपल्या जिल्ह्यांपुरती जास्त महत्त्वाची. सिकलसेल असलेल्या घरांत फोलिक ॲसिडची गोळी रोजची असते, आणि घरात डबा उघडा असला की म्हाताऱ्यालाही 'रक्ताची गोळी' म्हणून तीच दिली जाते. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, फिकटपणा जातो, आणि नसांचं नुकसान आतून तसंच चालू राहतं. सिकलसेलच्या मुलाची गोळी चालूच ठेवायची, ती त्याला हवीच आहे. आजोबांना ती द्यायची असेल तर आधी बी-१२ द्यावं, निदान सोबत तरी द्यावं.